पोरीचा बायोडाटा

मी टाइपरायटर खडखडतोय. बोलतोय म्हणायची आमच्यात पद्धत नाही. इंदापूरच्या एसटी स्टँडासमोर कुंडलिकची पत्र्याची टपरी आहे, तिथल्या टेबलावर माझा मुक्काम. वय विचारू नका. माझ्या बरोबरीच्या मशिनी कधीच वितळून त्यांची खुरपी झाली असतील. खुरपी झाली असतील तर बरंच आहे, निदान कामाचं काहीतरी करत असतील.

शिक्षण म्हणाल तर सव्वीस अक्षरं, आणि तीही ओळीनं नाहीत. शाळेतली पोरं ए, बी, सी, डी म्हणतात, माझी पहिली रांग क्यूपासून सुरू होते. असं कुणी बसवलं ते मला ठाऊक नाही. आयुष्यभर इंग्रजी छापली, पण अर्थ कळला नाही. कुंडलिकलाही जेमतेम, नमुन्यापुरताच कळायचा. वाचणाऱ्या साहेबाला पुरता कळत असावा, असा आम्हा दोघांचा समज. मात्र कुंडलिकला टाइप करताना तोंडानं मराठीत पुटपुटायची खोड आहे, म्हणून कुणाच्या पानावर काय चाललंय ते मला समजतं. नसतं समजलं तर सुखी असतो.

जन्म मुंबईच्या कारखान्यात. नंतर सतरा वर्षं पुण्याच्या एका सरकारी कचेरीत. तिथं मी एकच वाक्य जास्त छापलं, ‘आपल्या पत्राचा विचार चालू आहे’. विचार कुणी करताना मी पाहिला नाही. मग एक दिवस लिलावात तीन मोडक्या खुर्च्या आणि एक न फिरणारा पंखा ह्यांच्या बरोबरीनं मला विकलं. कुंडलिकला खरं तर पंखा पाहिजे होता. मी गळ्यात पडलो.

कुंडलिक सातवी पास, बोटं मात्र चलाख. आधी आम्ही बँकेचे अर्ज, कोर्टाची कागदं असली कामं करायचो. त्यात खोटं असायचंच, पण ते वकिलानं सांगितलेलं खोटं, आम्ही नुसते हमाल. पुढं बारामतीला एमआयडीसी वाढली आणि सगळ्या तालुक्याला एकदम बायोडाट्याचा ताप भरला. ज्याला मिशी फुटली तो आमच्या बाकड्यावर.

कुंडलिककडं दोन नमुने होते. एक नोकरीचा, एक लग्नाचा. कुठल्यातरी साहेबाकडून मिळालेली जुनी पानं, घड्यांवर फाटलेली, मागून चिकटपट्टी लावलेली. त्यातलं नाव-गाव तेवढं बदलायचं, बाकी मजकूर तोच. त्यामुळं माझ्या हिशेबानं सगळा इंदापूर तालुका कष्टाळू, प्रामाणिक आणि निर्व्यसनी. सगळ्यांना इंग्रजी अस्खलित येतं. सगळ्यांचे छंद वाचन आणि क्रिकेट. दत्तोबा नावाच्या एका गड्यानं तर वाचनाचा छंद लिहून घेतला आणि सही करायची वेळ आली तेव्हा अंगठा पुढं केला. कुंडलिकनं गुपचूप शाईचं पॅड सरकवलं. मी दातओठ खाल्ले. माझ्याकडं दात भरपूर आहेत.

आता साल शहाण्णवची गोष्ट सांगतो, कारण माझी ही अवस्था तिच्यापायी झाली.

शेळगावच्या धोंडीबाची पोरगी करुणा. बी.एस्सी. झालेली, केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. बारामती एमआयडीसीतल्या एका दूध कारखान्यात प्रयोगशाळेची एक जागा निघाली होती. घरात बोलणं असं ठरलं होतं, की ही नोकरी लागली तर लग्नाचं कुणी नाव काढायचं नाही. नाही लागली तर उन्हाळ्यात आत्याच्या पोराशी बार उडवायचा. आत्या म्हणजे सिंधुबाई. तिनं मंडपवाल्याला सांगूनसुद्धा ठेवलं होतं. पोरगा वाईट नव्हता, पण करुणाला पोरगा नको होता, प्रयोगशाळा पाहिजे होती. हे मला मागाहून कळलं. त्या दिवशी सकाळी मला आणि कुंडलिकला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

करुणा सकाळी गावच्या दूध संस्थेत अडकलेली असायची. तिनं अर्ज हातानं लिहून, पाकिटावर पत्ता घालून बापाकडं दिला, बरोबर बायोडाट्याच्या मजकुराची एक चिठ्ठी दिली. बायोडाटा तेवढा टाइप करून पाहिजे, जाहिरातीत तसं होतं. धोंडीबा टपरीत आला.

“जयभीम, कुंडलिकराव.”

“या, या धोंडीबा. आज काय काढलंत?”

“पोरीचा बायोडाटा करायचाय. अर्जंट.”

बस्स. एवढ्या एका वाक्यावर घोळ झाला. पोराचा बायोडाटा म्हटलं की कुंडलिक विचारायचा, “कुठली कंपनी?” पोरीचा म्हटल्यावर विचारायचं काय? त्यानं खालच्या खणातून लग्नाचा नमुना काढला. धोंडीबानं चिठ्ठी पुढं केली तर म्हणाला, “ऱ्हाऊ द्या वो, रोजचं काम हाय माझं,” आणि चिठ्ठीवर चहाचा गलास ठेवला.

“उंची?”

“उंचीबी लागती?”

“समोरचे पहिलं तेच बघत्यात.”

“असंल बाबा. पाच फूट दोन.”

“रंग?”

“आता रंग कशाला?”

“धोंडीबा, तुमी लई शंका काढता. रंग सांगा.”

“सावळी हाय.”

“निमगोरी टाकतो.”

“खोटं कशाला?”

“निमगोरी म्हंजे खोटं नसतं, ते टायपिंग असतं. रास, गण?”

“आमच्यात न्हाय बघत ते.”

“बरं, गाळतो. मामा कुठलं?”

“लासुर्ण्याचं. मामाचीबी चौकशी करत्यात व्हय?”

“त्याच्याशिवाय पुढं सरकतच न्हाईत. शिक्षण?”

इथं धोंडीबा जरा ताठ बसला. “बी.एस्सी. केमिस्ट्री. फर्स्ट क्लास हाय.”

कुंडलिकनं चष्म्यावरून बघितलं. “एवढं दाखवू नगा. समोरचा बिचकतो. नुसतं ग्रॅज्युएट टाकतो.”

“बिचकत असंल तर नगं मग,” धोंडीबा म्हणाला. बिचारा. जन्मभर ज्याच्या हातात कागद त्याचं ऐकत आलेला माणूस.

“स्वयंपाक?”

“येतो की. पर तितं कँटीन असंल ना?”

“कँटीन? म्हंजे एमआयडीसी बघताय व्हय?” कुंडलिकचा चेहरा उजळला.

“मग! बारामतीचीच एमआयडीसी पाहिजे. लांब न्हाय पाठवायचं पोरीला.”

“पर्मनंट?”

“पर्मनंट असंल तर काय बघायलाच नगं. पर सुरुवातीला टेंपरवारी चालंल.”

“टेंपरवारी चालंल?” कुंडलिकनं हात थांबवले. “धोंडीबा, लई मोठं मन हाय राव तुमचं. आजकाल लोकं ऐकत न्हाईत. शिफ्टचं काय?”

“तिन्ही चालत्यात.”

कुंडलिकनं ते सगळं ‘अपेक्षा’ ह्या रकान्यात घातलं. नवरा बारामती एमआयडीसीतला असावा, टेंपररी चालेल, तिन्ही शिफ्ट चालतील. मी दोनदा दांड्या एकमेकांत अडकवून बघितल्या. मशिनीला ह्यापलीकडं काय करता येतं? कुंडलिकनं टपली मारली, दांड्या सोडवल्या आणि पान पुरं केलं. धोंडीबाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यानं पान डोळ्यांपुढं धरलं, सरळ आहे का उलटं एवढं बघितलं, म्हणाला, “झ्याक झालंय,” पाकिटात घातलं आणि पोस्टात रजिस्टर करून आला. कार्बनची प्रत घडी करून खिशात. बरोबर करुणाचा स्टुडिओतला फोटो, साडीतला, मागं पडद्यावर रंगवलेला धबधबा. म्हणजे उरलीसुरली कसरही भरून निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध संकलन उरकून करुणा टपरीत. अंगावर संस्थेत घालायचा ड्रेस, हातात कार्बनची प्रत.

“तात्या, हे काय हाय?”

“तुझा बायोडाटा. ठिकाण चांगलं मिळंल बघ.”

“ठिकाण? मी नोकरीला अर्ज केलाय! कारखान्याच्या साहेबाला मी कळवलंय की मी निमगोरी हाय, माझा मामा लासुर्ण्याचा हाय आणि मला तिन्ही शिफ्टचा नवरा चालंल!”

कुंडलिकनं प्रत घेतली, वाचली, परत वाचली. मग माणसं जे करतात ते केलं. “तुझ्या बापानं नीट सांगायला नगं?”

“चिठ्ठी कुठंय?”

चिठ्ठी गलासाखालीच होती. वर चहाचं गोल कडं उमटलेलं. करुणानं ती काढली, पुसली, बाकड्यावर बसली. “शेवटची तारीख परवा हाय. मी हातानं नेऊन देणार. घाला कागद. मी सांगते तसं मारा.”

“नमुना काढतो ना नोकरीचा...”

“नमुना नगं.”

पहिल्यांदाच कुणीतरी असं बोललं. कुंडलिकनं कागद घातला. इंग्रजी शब्द तीच सांगत गेली. ती म्हणाली, वर नाव, पत्ता, जागा कोणती. मग शिक्षण, मार्कांसकट. मग म्हणाली, “आता लिहा. शेळगावच्या दूध संस्थेत तीन वर्षं, सकाळ-संध्याकाळ, दुधाचा फॅट तपासला. रोज साधारण दीडशे नमुने.”

“हे कशाला?” कुंडलिक म्हणाला. “दूध तपासणं काय शिक्षणात येतं व्हय? गावातली कामं हायती ही. त्यापेक्षा कष्टाळू, प्रामाणिक टाकू.”

“कष्टाळू कुणीबी लिहितं. तात्या, साहेबाला काय पाहिजे? दूध तपासणारं माणूस. मग मी काय करते ते लिहायचं का माझा मामा कुठला ते लिहायचं?”

“छंद?”

“काय संबंध?”

“जागा रिकामी राहती.”

“राहू द्या रिकामी.”

पाऊण पान झालं. खाली कोरं. मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं, सुट्टी मिळाल्यासारखं. करुणानं ते पान दोनदा वाचलं, एक अक्षर चुकलेलं दाखवलं, ते आम्ही खोडून सुधारलं, आणि ती बारामतीच्या गाडीला पळाली.

इथं गोष्ट संपली असती तर मी आज पुण्यवान म्हणून मिरवलो असतो. पण ह्या नव्या पानाची कार्बनची प्रत टपरीत राहिली होती. कुंडलिकनं ती उजेडात धरली आणि म्हणाला, “च्यायला, दिसतंय मात्र झकास.” जुना नमुना खणात गेला, ही वर आली. त्याच जागेसाठी पुढच्या दोन दिवसांत अकरा पोरं आली. कुंडलिकनं अकराही जणांना तेच पान दिलं, नाव बदलून. तीन वर्षं, सकाळ-संध्याकाळ, शेळगावच्या दूध संस्थेत, दीडशे नमुने. त्यातल्या सहा जणांनी शेळगाव नुसतं एसटीच्या पाटीवर वाचलेलं. एकाला दूध पचत नव्हतं. अकरावा कुंडलिकचा स्वतःचा पोरगा, राम. मी छापलं. पुन्हा सांगतो, मी छापलं. दांड्या अडकवायचंसुद्धा मला सुचलं नाही. चांगलं पान आहे, चार जणांना उपयोगी पडतंय, असा विचार माझ्यासारख्या लोखंडानं केला, तर माणसांना काय बोलायचं?

तीन आठवड्यांनी मुलाखत झाली. करुणा परत आली ती थेट टपरीत. चेहरा असा, की कुंडलिक उठून उभा राहिला.

“तात्या, आज मला तितून हाकलूनच देत होते.”

“का गं? निमगोरीमुळं?”

“ते तर झालंच. प्रमोदिनी मॅडम म्हणून हायत, प्रयोगशाळा त्यांच्याकडं. त्यांनी दोन्ही पानं पुढं ठेवली आन् म्हणाल्या, ‘ह्यातली खरी कोण?’ मी म्हणलं, दुसरी. तर त्यांनी टेबलावर आणखी अकरा पानं मांडली. एक एक करून. सगळी दुसरीच!”

कुंडलिक चष्मा पुसायला लागला.

“मॅडम म्हणाल्या, ‘शेळगावात बारा माणसं रोज दूध तपासतात, तर मग गावात म्हशी राखतो कोण? तुम्ही सगळ्यांनी एकाच दुकानातून आयुष्य विकत घेतलंय. निघा.’ तात्या, बाराच्या बारा जण उठलो. मीबी उठले! बाप बाहेर फाटकापाशी उभा. त्याला जाऊन काय सांगणार होते मी? आत्याचा मंडपवाला मला तितंच दिसायला लागला.”

“मग?”

“दारातनं मागं फिरले. म्हणलं, मॅडम, पान खोटं ठरवा, पर एक प्रश्न इचारा, सगळ्यांना. त्यांनी इचारलं, ‘फॅट बघताना काचेच्या नळीत आधी काय घालायचं, दूध का ॲसिड?’ अकरा जण म्हणाले, दूध. एक जण तर म्हणाला, दूध, मग साखर.”

“कोण गं असला?” कुंडलिक हसला.

“तुमचा राम.”

कुंडलिकनं पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला घेतला. समोर बार्शी गाडीचा पुकारा चालला होता.

“मी म्हणलं, आधी ॲसिड. मग दूध, कडंनं, हळू. एकदम ओतलं तर उसळतं. मग मॅडम म्हणाल्या, ‘हे पुस्तकातपण असतं.’ तेव्हा मी ही ओढणी पुढं केली.” तिनं ओढणी टेबलावर, माझ्यावरच पसरली. बारीक बारीक भोकं होती, चाळणीसारखी, कडा करपलेल्या. “म्हणलं, हे पुस्तकात नसतं. सुरुवातीला माझंबी उसळलं होतं.”

“मग लागली का नोकरी?”

“सहा महिने टेंपरवारी.”

कुंडलिकच्या तोंडावर हसू फुटायला लागलं, पण ती हसत नव्हती. “तात्या, पहिल्यांदा चूक झाली, मी बोलले न्हाय. माणूस चुकतं. पर हे दुसरं? मी तीन वर्षं पहाटं उठून बोटं भाजून घेतली, ती तुमी अकरा जणांना वाटून टाकली. नाव बदलून. आन् पानात कुठं खरं-खोटं वेगळं दिसत न्हाय वो! सगळं सारखंच काळं.”

ती गेली. कुंडलिकनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच केलं सगळं. मग त्यानं खण उपसला, दोन्ही नमुने आणि ती कार्बनची प्रत काढली, फाडली, आणि समोरच्या भजीवाल्याकडं पुड्या बांधायला देऊन आला. मला वाटलं, उद्या नवा नमुना करेल. केला नाही. म्हातारपणी माणसाला खरेपणाचा झटका येतो, तसा त्याला आला. रामला काय बोलला ते मला माहीत नाही, पण तो पुढं महिनाभर टपरीकडं फिरकला नाही.

तेव्हापासून बाकड्यावर कुणी येऊन बसलं, की कुंडलिक विचारतो, “आत्तापर्यंत काय केलंस? खरं सांग.” झालं. धंदा बसला. पोरं खाली बघतात, चप्पल चाळवतात, म्हणतात, “तात्या, तुमी बायोडाटा करता का पंचनामा?” एक जण म्हणाला, “काय केलं असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?” त्याचं बरोबर होतं, पण आम्ही टाइप केलं नाही.

आता समोरच्या गाळ्यात कॉम्प्युटर आलाय. तिथं नमुना आतच भरलेला असतो म्हणे. नाव घातलं की माणूस तयार, दोन रंगांत, वर बॉर्डरसकट. रांग असते. लाइट गेली की सगळी रांग आमच्या सावलीत येऊन बसते आणि माझ्याकडं बघून हसते. हसू द्या. मी हसण्यासारखाच दिसतो. ‘ई’ची कळ बसलीय, घंटी वाजत नाही, आणि भंगारवाल्यानं दोनदा उचलून वजनाचा अंदाज घेतलाय.

करुणा दुसऱ्या वर्षी पर्मनंट झाली. आत्यानं पोरासाठी दुसरी पोरगी बघितली. मागच्या महिन्यात करुणा आली होती. प्रयोगशाळेत मदतनीस घ्यायचाय आणि अर्ज आता तिच्याच टेबलावर येतात. पिशवीतून साठ-सत्तर रंगीत पानं काढली, कुंडलिकपुढं टाकली आणि म्हणाली, “तात्या, ह्यातलं माणूस शोधून द्या.” कुंडलिकनं एकेक पान बघितलं. कष्टाळू. प्रामाणिक. वाचन, क्रिकेट. साठ-सत्तर पानं आणि माणूस एकही नाही. ती चहा पिऊन निघून गेली. ती जागा अजून रिकामी आहे.

म्हणून सांगतो. नोकरी पाहिजे असेल तर या. लवकर या, रिबन आता तीन-चार पानंच ओढेल. उंची नको, मामा नको, बॉर्डर मला येत नाही. कोंबड्या राखल्या असतील तर कोंबड्या म्हणा, विहिरीत मोटार बसवली असेल तर किती फुटांवर बसवली ते सांगा. काहीच केलं नसेल तर आधी जाऊन काहीतरी करा, मग या, आम्ही थांबतो. पण काय केलंत ते घरून आठवून आणा. इथं ते टाइप होतं, तयार होत नाही.